साहेबाच्या टेबलाखालची वाट

सिरोंच्याला जायचं असेल तर कंबर घरी ठेवून जावं. मी बरोबर नेली. ती आलापल्लीच्या पुढे कुठेतरी पडली आणि अजून सापडलेली नाही. त्या बसमध्ये कंडक्टरसुद्धा एका हातानं तिकीट देतो आणि दुसऱ्या हातानं दांडी धरून असतो. दोन्ही हात मोकळे ठेवून बसलेला माणूस दिसला की ओळखावं, हा पहिल्यांदाच आला.

मी पहिल्यांदा गेले नव्हते. बावीस वर्षांची असताना एकदा जाऊन आले होते. पण त्या वेळी गेली ती कोणी वेगळीच बाई होती. नायलॉनची साडी, काळा गॉगल, उंच टाचा, आणि डोक्यात हवा. तिची ओळख पुढे करून देईन. तिच्यावर हसायचा हक्क या जगात फक्त मला आहे आणि तो मी मरेपर्यंत सोडणार नाही.

या वेळी काम एकच होतं. रशीदाआपाला वरोऱ्याला घेऊन यायचं.

वरोरा

आपा माझी चुलत बहीण, माझ्याहून मोठी, एकटी. मुलगा हैदराबादेत. राहते सिरोंच्यात, गोऱ्या साहेबाच्या जुन्या बंगल्यामागच्या खोल्यांत. त्या खोल्यांना अजूनही सगळे ‘लाइन’ म्हणतात. साहेबाचे नोकर तिथे राहायचे. साहेब गेला, झेंडा बदलला, लाइन राहिली.

आमच्या घराण्याची गोष्ट अशी. गोदावरीकाठच्या मुलखावर इंग्रजांचा अंमल बसला तेव्हा एक साहेब तिथे ठाणं वसवायला निघाला. त्याच्या बैलगाड्यांच्या मागे नागपूरचा एक खानसामा चालत गेला. तो आमचा पूर्वज. पुढे वरोऱ्याला कोळसा निघाला, रूळ आले, खाणीच्या साहेबालाही भूक लागू लागली, म्हणून धाकटी पाती इकडे आली. थोरली तिकडेच राहिली. म्हणजे साहेब जिथे जिथे पसरला तिथे तिथे आम्ही त्याच्या पाठोपाठ पातेलं घेऊन पसरलो.

बावीस वर्षांच्या हमीदाला, म्हणजे त्या गॉगलवाल्या मला, याचा केवढा गर्व. लग्न होऊन सासरी आल्यावर तिनं पहिल्याच ईदला पावाचं पुडिंग केलं. “हे साहेबी आहे,” असं सासऱ्यांना सांगितलं. सासऱ्यांनी ते आंब्याच्या लोणच्याबरोबर खाल्लं आणि म्हणाले, पोळी जरा कच्ची राहिली.

या दिवाळीच्या आधी आपाचा फोन आला. बंगला एका नागपूरच्या माणसानं भाडेपट्ट्यानं घेतला आहे, प्रवाशांच्या राहण्यासाठी. मॅनेजर म्हणतो, लाइन रिकामी करा. नाहीतर बावर्चीखान्यात पगडी बांधून बसा, आल्यागेल्याला सलाम करा, मग खोली तुमचीच.

माझा मुलगा सलीम म्हणाला, “अम्मी, आपाले इथी घेऊन ये. ह्या वयात कुठी भांडत बसते ती. तुहं ऐकते ती.”

आपानं माझं आजवर एकदाही ऐकलेलं नाही. पण मुलाला आईचा मान आहे असं वाटतं, तर कशाला मोडायचं.

सोबतीला गिरजाबाई निघाली. आमच्या मागच्या गल्लीत राहते, शेती गावाबाहेर, कापूस आणि सोयाबीन. मी मराठी शाळेत मास्तरीण होते तेव्हा तिची तिन्ही पोरं माझ्या हाताखालून गेली, म्हणून ती मला अजून ‘बाई’ म्हणते. सोयाबीन निघालं होतं, हात मोकळे होते.

“मले दोन नद्या एका जागी पाह्याच्या आहे,” ती म्हणाली. “मंग तुह्या बहिणीले आणू.”

आलापल्ली

चंद्रपूरची धूळ सोडून देते, ती सगळ्यांना माहीत आहे. आष्टीचा पूल ओलांडला की हवा बदलते. दोन्ही बाजूंनी सागवान सुरू होतं, आणि गिरजाबाईसारखी बडबडी बाईसुद्धा गप्प होते. आपल्याकडे झाड म्हणजे बांधावरचं एक, ज्याच्याखाली डबा खायचा. इथे झाडं मालक आहेत आणि माणूस पाहुणा.

आलापल्लीला बसचं चाक बसलं. ड्रायव्हर म्हणाला, चहा घ्या. हे तो ज्या सुरात म्हणाला त्यावरून आम्ही जेवणही उरकून घेतलं. भात, वरण, आणि वाळवलेल्या झिंग्यांची चटणी. गिरजाबाई माळकरी. तिनं चटणीकडे पाठ करून भात खाल्ला.

बाकावर एक माडिया म्हातारी भामरागडच्या गाडीची वाट पाहत बसली होती. पावसाळाभर त्यांचा रस्ता नद्यांनी तोडलेला असतो, आता कुठे गाड्या नीट सुरू झाल्या होत्या. कुठे निघाल्या, असं तिनं विचारलं. मी सिरोंचा म्हटलं, साहेबाचा बंगला म्हटलं. ती हसू लागली. तिच्या तोंडून मराठी जपून पडत होती, पण नेमकी पडत होती.

“साहेब आमच्याकडे पन ये,” ती म्हणाली. “माही आजी सांगे. तंबू घेऊन ये. अंडे पाहिजे, दूध पाहिजे, लाकूड पाहिजे, वझं न्याले मानूस पाहिजे. पैसा नाई. बेगार.”

“मंग देत होते?” गिरजाबाईनं विचारलं.

“कोन देनार? तंबू दिसला का गाव खाली. कोंबड्या काखेत, पोरं पाठीवर, जंगलात. साहेब गावात एकला.”

“आन् मंग?”

“मंग काय. अंडे शोधत बसे.”

गिरजाबाई एवढी हसली की चहा नाकात गेला. मी हसले, पण आतून जरा टोचलं. त्या रिकाम्या गावात साहेबाच्या मागे पातेलं घेऊन उभा असलेला माणूस आमचा होता. त्याला त्या दिवशी अंडी मिळाली नाहीत म्हणून साहेबाच्या शिव्या बसल्या असतील, आणि कोंबड्या घेऊन पळायला त्याला स्वतःचं जंगल नव्हतं.

म्हातारीला विचारलं, उतरणार कुठे. “हेमलकसा,” ती म्हणाली. “नात शाळेत हाय.” तिची गाडी आमच्या आधी सुटली. जाताना तिनं “जोहार” केला आणि पदरातल्या मूठभर चारोळ्या गिरजाबाईच्या हातावर ठेवल्या.

सिरोंचा

सिरोंच्यात उतरलं की कान चक्रावतात. एका दुकानदारानं मला तेलुगूत भाव सांगितला, दुसऱ्यानं हिंदीत, तिसऱ्यानं आपल्या झाडीबोलीत, आणि तिन्ही भाव वेगळे होते. लोक सकाळी भात खातात, दुपारी भात खातात, रात्री उरलेला भात खातात. लोणचं असं तिखट की गिरजाबाई पहिल्या घासाला देवाचं नाव घेऊन गप्प बसली. आपल्याकडे पाहुण्याला आधी पाणी देतात. इथे आधी बसायला सांगतात, मग पाणी, मग लगेच विचारतात की जाणार कधी. त्यात वाईट काही नसतं, गाडीची वेळ पाहायची असते.

आपा चौकात घ्यायला आली होती. डोक्यावर काळी छत्री, पायात प्लास्टिकच्या चपला, चाल तीच, रागावलेल्या कोंबडीसारखी.

“एवढी म्हातारी काऊन झाली वं तू,” हे तिचं पहिलं वाक्य.

“तुले गाठाले,” मी म्हटलं.

(आम्ही बहिणी घरात आमच्या मोडक्या हिंदीत बोलतो. बाहेर सगळ्यांशी वऱ्हाडी-झाडी. इथे सगळंच तसं लिहिते, वाचणाऱ्याला सोपं.)

बंगला उंचवट्यावर आहे. लाल कौलं, रुंद ओसरी, समोर फाटक, भोवती करवंदीचं कुंपण. चौकातून सरळ गेलं तर फाटकातून आत, बंगल्याच्या बाजूनं मागे लाइनीत. पण कुंपणाचा कोपरा आला आणि आपानं छत्री मिटली, डावीकडे वळली, आणि कडेकडेनं चिखलातून सगळ्या कुंपणाला वळसा घालू लागली. मागे मी. माझ्या मागे बॅग घेऊन गिरजाबाई.

“बाई, वाट तं समोरून आहे न,” गिरजाबाई म्हणाली.

“समोरून नाई जात आमी,” आपा म्हणाली.

“काऊन?”

आपानं मागे वळून माझ्याकडे पाहिलं, जसं काही मला माहीत असेल.

आणि मला आठवलं. बावीस वर्षांची हमीदा याच चिखलातून उंच टाचांवर डुगडुगत गेली होती. वर तिला वाटलं होतं, हा आमचा अदब आहे. रिकाम्या बंगल्यासमोर तिनं गॉगल काढला होता. आपाला तिनं शिकवलं होतं की साहेब समोरून आला तर “गुड ईव्हनिंग” कसं म्हणायचं. साहेब जाऊन तेव्हाही बरीच वर्षं झाली होती. टाच चिखलात रुतली, बूट तिथेच राहिला, आणि ही बया एका पायावर उभी राहून इंग्रजी बोलत होती.

संध्याकाळी आपाच्या दारात पोचक्का आली. शेजारच्या खोलीतली परटीण, तेलुगू, आपाच्याच वयाची. तिचे पूर्वज साहेबाच्या कपड्यांसाठी गोदावरीपलीकडून आणलेले. आपा अंबाडीची भाजी निवडत होती आणि मी विचारलं की ठाणं वसवतात म्हणजे नेमकं काय करतात.

“आधी झेंडा,” आपा म्हणाली. “मंग चूल.”

“मंग?”

“मंग तुरुंग.”

“शाळा?”

“शाळा लय मागून. पह्यले चोर पाहिजे, मंग पोरं.”

“चोर कुठून आनले?” गिरजाबाईनं विचारलं.

“गावातलेच केले न. काल जंगलातलं लाकूड घरी नेत होता तो आज चोर. मोहाची दारू घरी काढत होता तो चोर, आन् साहेबाच्या ठेक्यावर पैसे देऊन पेला तो सज्जन. तुरुंग भरला का साहेबाले वाटे, आता गाव वसलं.”

मग साहेबाची मॅडम आली, म्हणून गिरजाघर आलं. गिरजाघर आलं म्हणून मागोमाग त्यांचं कब्रस्तान आलं, कारण त्यांची लेकरं इथल्या तापात टिकली नाहीत. मग कारकून, सावकार, बाजाराचा ठरलेला वार. हे सगळं आपा देठ मोडत सांगत होती.

“पन हे सगळं बसलं कुठी,” पोचक्का म्हणाली, “ते सांग.”

मग पोचक्कानंच सांगितलं. या उंचवट्यावर गावाचं खळं होतं. गावातून नदीवर जायची वाट त्या खळ्यावरून जायची. साहेबाला वारा आवडला. त्यानं वाटेवरच घर बांधलं आणि कुंपण घातलं.

“वाट कुठी गेली मंग?” गिरजाबाई.

“कुठी जाते? तिथीच आहे. त्याच्या जेवायच्या टेबलाखालून.” पोचक्कानं मांडीवर हात मारला. “माही सासू, तिची सासू, ओल्या कपड्याचं गाठोडं डोक्यावर, आन् कुंपनाले वळसा. मी भी तशीच. आता सांधे गेले. समोरून नेलं तं अर्धी वाट वाचते.”

“मंग ने न समोरून,” गिरजाबाई म्हणाली.

दोघी म्हाताऱ्या एकमेकींकडे पाहू लागल्या, जणू कोणी त्यांना विमानात बसायला सांगितलं होतं.

साहेबी जेवण

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅनेजर आला. निखिल नाव. माणूस वाईट नाही. मऊ बोलतो, वाकून बोलतो, आणि तसाच वाकून तुमच्या पायाखालची सतरंजी ओढतो.

“आजी, तुम्ही शिकलेल्या आहात, आपाला समजवा,” तो मला म्हणाला. “यात त्यांचाच मान आहे. खानसाम्याच्या घराण्यातली शेवटची बाई, त्याच बावर्चीखान्यात. लोक लांबून येतील. नाही जमलं तर मग खोल्या मला लागतील, तिथे न्हाणीघरं काढायची आहेत.”

“सलाम करावा लागेल?” आपानं विचारलं.

“थोडासा. फोटोपुरता.”

त्या दुपारी शहरातले पाहुणे येणार होते. निखिलला अस्सल साहेबाच्या काळातलं जेवण हवं होतं. आपा नाही म्हणणार एवढ्यात मी हो म्हटलं. मला एक खोडी सुचली होती, आणि खोडी सुचली की माझं वय निम्म्यानं कमी होतं. अक्कलही.

तो गेल्यावर मी आपाला सांगितलं. साहेबाच्या काळातलं जेवण पाहिजे न? देऊ. बेगारीवर आलेल्यांना जसं देत होते तसं. मागच्या अंगणात, चपला काढून, उकिडवे बसवून, पानाच्या द्रोणात कण्यांची आंबील, वर एक कांदा, एक मिरची. बावर्ची हाक मारेपर्यंत उन्हात थांबायचं. पुढच्या दारानं यायचं नाही.

“चिडतीन,” मी म्हटलं. “चिडले का मॅनेजरची हौस फिटते.”

“चिडनार नाई ते,” आपा म्हणाली. “पाहजो तू.”

पाहुणे आले. मी शाळेतल्या आवाजात त्यांना वळसा घालून मागे आणलं, उन्हात उभं केलं, चपला काढायला लावल्या. आंबील वाढली. ते उकिडवे बसले, पडले, हसले, पुन्हा बसले. एका बाईनं द्रोण कपाळाला लावला. एका गृहस्थांनी डोळे मिटून कांदा खाल्ला आणि म्हणाले, “हे खरं. हॉटेलात हे मिळत नाही.” सगळ्यांनी फोटो काढले. आपापल्या खोल्यांत जाताना टाळ्या वाजवल्या.

निखिल तर हवेत होता. “आजी, तुम्ही ग्रेट आहात. हे आपण रोज करू. बेगार अनुभव. पाटी लावू या.”

मी द्रोण गोळा करत होते. हातातले तसेच राहिले. आपा चुलीपुढे बसून राख ओढत होती. तिनं मान वर केली नाही.

“सांगतलं होतं,” एवढंच म्हणाली.

गिरजाबाई म्हणाली, “बाई, तू त्याईले शिक्षा देली का प्रसाद?”

मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. सत्तरी उलटली, आणि अजून मी साहेबाच्या अंगणात नाटकच करत होते. नायलॉनची साडी तेवढी गेली.

बाजाराचा दिवस

सकाळी आपा उठली तेव्हा तिनं चहाचं आधण घरात ठेवलं नाही. शेगडी पेटवली, निखारे लाल झाल्यावर दोन्ही कड्यांना फडकं गुंडाळून शेगडी उचलली, आणि बाहेर पडली. मागच्या वाटेनं नाही. लाइनीतून बंगल्याच्या बाजूनं समोर.

मी पातेलं घेऊन मागे. बंगल्याचा कोपरा आला तिथे ती थांबली. मला वाटलं दमली. दमली नव्हती. तिचे पाय आपोआप मागे वळत होते आणि ती त्यांना वळू देत नव्हती. ते मला कळलं, कारण माझेही वळत होते. मी इथे राहिलेली नाही, साहेब पाहिलेला नाही, पेन्शन माझी स्वतंत्र भारताची, आणि माझे पाय त्या कोपऱ्यावर अवघडले.

“काय झालं वं,” मागून गिरजाबाई म्हणाली. “चाला न. अंगारे विझतीन.”

आम्ही चाललो. आपानं शेगडी समोरच्या पायऱ्यांवर, मधल्या पायरीवर ठेवली आणि शेजारी बसली. मी पातेलं ठेवलं. समोर फाटक, फाटकापुढे चौक, पलीकडे झाडांच्या मागे नदीचं पांढरं वाळवंट. एवढी वर्षं राहून आपानं तिथून नदी पाहिली नव्हती.

“चांगलं दिसते,” ती म्हणाली.

पोचक्का कपड्यांचं गाठोडं घेऊन लाइनीतून निघाली. वळशाकडे वळली, आम्हाला पायऱ्यांवर पाहून थांबली. “रा, पोचक्का,” आपानं तिच्या भाषेत बोलावलं, ये म्हणून. पोचक्का आली. आमच्यापुढून सरळ गेली, फाटक ढकललं, आणि थेट नदीच्या वाटेला लागली. मागे वळून पाहिलंसुद्धा नाही, जणू रोजचंच आहे.

त्या दिवशी आठवडी बाजार. नदीकडच्या वस्त्यांमधल्या बाया डोक्यावर टोपल्या घेऊन येत होत्या, वांगी, सुकी मासोळी, बांबूची सुपं. पहिलीनं फाटकाबाहेर टोपली सावरली आणि विचारलं, “इकून जाता येते का वो?” आपा म्हणाली, “येते.” ती गेली. तिच्या मागे दुसरी. मग रांग लागली. साहेबाच्या ओसरीला घासून, लाइनीमागच्या वाटेनं वांगी बाजारात चालली होती. एक म्हातारी थांबून चहाही पिऊन गेली.

निखिल रांग पाहत आला आणि म्हणाला, “आपा, हे काय? पाहुणे झोपलेत.”

“झोपू दे,” आपा म्हणाली. “तुह्या पाहुन्याले अनुभव पाहिजे न. हा घे.”

“तुम्ही उद्याच्या उद्या खोली रिकामी करा.”

“नाई करत.”

“मग मला माणसं बोलवावी लागतील.”

“बोलाव. पगडी मी बांधनार नाई, सलाम मी करनार नाई, आन् खोली मी सोडनार नाई. तिन्ही एकदाच ऐकून घे, पुन्हा पुन्हा सांगाले दम नाई माह्यात.”

तिचा आवाज चढलेला नव्हता. ती चहा गाळत होती. पण चहा बशीत सांडत होता. मी बशी धरली.

निखिल गेला आणि फाटकाला साखळी घालून कुलूप लावलं. आता बाजारातून परतणाऱ्या बायांची वेळ झाली. डोक्यावर मीठ, तेल, गूळ, एकीच्या कडेवर पोर. सकाळी सरळ आलेल्या त्या सगळ्या आता लाइनीतून आल्या आणि आतल्या बाजूनं फाटकाशी येऊन थबकल्या. मला वाटलं, आता या वळसा घालतील. पिढ्यान्‌पिढ्या घातला, आज एकदा आणखी. आणि एकदा त्या कडेनं गेल्या की आपा पायऱ्यांवर एकटी, आणि उद्या खोलीही नाही.

गिरजाबाई उठली. फाटकापाशी गेली, मधल्या साखळीकडे पाहिलंही नाही, कडेला बिजागऱ्यांपाशी वाकली.

“आमच्या गोठ्याचं फाटक असंच आहे,” ती बायांना म्हणाली. “कुलपाची किल्ली हरपली का मी ह्या अंगानं काढते. तुमी तिकून उचला, मी इकून. वरती. अजून. हां.”

लोखंडी फाटक, साखळीनं जोडलेल्या दोन्ही झडपांसकट, बिजागरीच्या खुंट्यांवरून अलगद वर आलं. चार बायांनी ते नेऊन जवळच्या चिंचेच्या झाडाला टेकवलं. साखळी आणि कुलूप तसंच लटकत होतं, शाबूत. मग बायांनी आपापल्या टोपल्या उचलल्या. पण बाहेर गेल्या नाहीत. पायऱ्यांपाशी बसल्या.

निखिल धावत आला. गिरजाबाईनं त्याला सांगितलं की तुह्या मालाले धक्का लागला नाई, भाऊ, मोजून घे. तो फोनवर बोलू लागला, लांब जाऊन, पाठ करून. बाया बसून होत्या. एकीनं पोराला दूध पाजायला घेतलं. पोरवाली आपाकडे बोट करून निखिलला म्हणाली, “इले इथून काढलं तं तू फाटक पुन्हा लावशीन. आमी लावू देत नाई. आता समजून घे.”

ती आपाला ओळखतही नव्हती. तिला आपाच्या खोलीशी, आमच्या खानसाम्याशी काही देणंघेणं नव्हतं. तिची घरची वाट अर्धी झाली होती आणि ती तिला पुन्हा लांब करायची नव्हती. मला यापेक्षा पक्का साक्षीदार कोर्टात मिळाला नसता.

फोन संपवून निखिल आला. त्यानं बायांकडे पाहिलं, चिंचेकडे पाहिलं. “खोलीचं नंतर बघू,” म्हणाला.

“नंतर बघ का आता बघ,” आपा म्हणाली. “मी इथीच आहो.”

त्यानंतर आम्ही तिघी संगमावर जाऊन आलो. प्राणहिता काळसर, गोदावरी गढूळ, आणि बऱ्याच अंतरापर्यंत दोघी शेजारी शेजारी वाहतात, मिसळत नाहीत. गिरजाबाईनं दोन्ही नद्यांना वेगवेगळं हळदकुंकू वाहिलं. परतताना आपा फाटकाच्या जागेतून आत गेली. कोपऱ्यावर थांबली नाही.

वरोरा, परत

मी निघाले त्या सकाळीही फाटक चिंचेलाच टेकलेलं होतं आणि चौकातली पोरं त्यावर चढून बसली होती. आपाला मी वरोऱ्याला चल असं एकदाही म्हटलं नाही. तीही बोलली नाही. गाडीत बसवताना फक्त म्हणाली, “पुढच्या खेपेले नायलॉनची साडी आनू नको.” म्हणजे तिलाही ती बया आठवत होती.

सलीम स्टॅंडवर मोटार घेऊन उभा होता. माझ्या मागे गिरजाबाई उतरली, तिच्या मागे एक चारोळीवाला, आणि मग कोणीच नाही.

“आपा कुठी?” त्यानं विचारलं.

“तिच्या घरी.”

“अम्मी, तुले आनाले पाठवलं होतं. मी खोली रिकामी केली, रंग देला, नवी खाट घेतली.”

“दाखव,” मी म्हटलं.

खाट खरंच चांगली होती. सागवानी, रुंद, पाठीला बरी. मी तिच्यावर आडवी झाले आणि सलीमला सांगितलं, माझी जुनी खाट विकून टाक.